नव्या सालगड्याचा हिशेब



पाडवा आला की सालगड्याचे साल ठरते. मागचा हिशेब फिटतो, उचल वळती होते, नवे साल बांधले जाते. गरीब शेतकऱ्याच्या घरीसुद्धा ही रीत पाळली जाते. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र आपल्या घराघरात एक नवा गडी राबू लागला आहे आणि त्याचा हिशेब अजून कोणीच केलेला नाही. त्याला साल नाही, उचल नाही, सालचंदी नाही. वय चौदा ते सतरा. हातात बापाचा नाहीतर मामाचा जुना फोन. हा गडी म्हणजे आपलाच पोरगा, आपलीच पोरगी.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जायचे, फोटो काढायचा, गट नंबर आणि क्षेत्र भरायचे, मग ते पीक सातबाऱ्यावर चढायचे. कागदावर हे काम शेतकऱ्याचे. प्रत्यक्षात ते कोण करते हे हदगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात जाऊन पाहावे. दहावीतले पोर गल्लीतल्या पंधरा-वीस खातेदारांचे फोन नंबर वहीत लिहून घेते आणि शाळा बुडवून शिवारभर फिरते. पीक विम्याचे तेच झाले. २०२४ पर्यंतच्या नियमांत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती, ती या पोरांनीच दिली. २०२५ ला कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची केली. तीही त्यांच्याच बोटांनी झाली.

सरकारने शेतीचा अर्धा दफ्तरी कारभार फोनवर टाकला. तो ओझ्यासारखा आपल्या पोरांच्या डोक्यावर आला. ते ओझे त्यांनी वाहिले, तक्रार केली नाही. पण त्यांना त्यातले काय कळते, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. तो आज विचारायचा आहे, कारण उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर येते आणि या सुट्टीत आपल्या पोरांनी काय करावे हे आपण ठरवले नाही तर दुसरे कोणीतरी ठरवणार आहे.

बटण दाबता येणे आणि यंत्र कळणे

गेल्या हंगामात आम्ही एका पोराला विचारले, “फोनला कसे कळते की तू याच गटात उभा आहेस?” तो हुशार होता. म्हणाला, “सर, त्याला कळतंच.” आम्ही पुढे विचारले, “आणि त्याने शेजारच्या गटात दाखवलं तर?” तो म्हणाला, “मग पुन्हा पुन्हा करायचं. कधीतरी घेतं.”

या ‘कधीतरी घेतं’ मध्ये सगळे आले. फोन आकाशातल्या उपग्रहांचे इशारे पकडतो, इशारा पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो आणि अशा चार उपग्रहांवरून जागा ठरवतो. झाडाखाली, ढगाळ हवेत नव्हे पण दाट पानोळ्यात किंवा भिंतीच्या आडोशाला, ती जागा काही मीटरने चुकते. बांध दोन फुटांचा असेल तर चूक बांधापलीकडे जाते. एवढे कळले की पोरगा बांधाच्या कडेला उभा न राहता वावराच्या मधोमध जाऊन उभा राहील, क्षणभर थांबेल आणि मग नोंद करील. हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे त्याला कोणी दिली नाहीत.

न कळता यंत्र वापरल्याची किंमत काय असते ते कापूसवाल्यांना सांगायला नको. आम्ही परभणीहून कृषी पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा बीटी नुकतेच आले होते. २००२ ला परवानगी मिळाली, २००६ ला दोन जनुकांचे बीटी आले. ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी असायची. तिला लोक ‘रेफ्युजी’ म्हणत. ती कडेने लावायची असा नियम होता. किती जणांनी लावली? बहुतेकांनी फेकली. कारण ती का लावायची हे कोणी समजावून सांगितले नाही. त्या काळात शेतकरी मेळाव्यांत आम्हीही बोललो. खत किती, अंतर किती, फवारणी कधी हे घोकून सांगितले. त्या पुडीवर दोन वाक्ये बोलून पुढे गेलो. कडेच्या साध्या कपाशीवर जगलेले पतंग बीटीवर तगलेल्या पतंगांशी जुळतात, त्यामुळे विषाला न जुमानणारी अळी लवकर वाढत नाही, एवढीच ती गोष्ट होती. ती आम्ही ज्वारीच्या भाषेत, जोंधळ्यात काणी मिसळते तशा उदाहरणाने सांगू शकलो असतो. सांगितली नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बोंडे पोखरली तेव्हा त्या फेकलेल्या पुड्या आम्हाला आठवल्या. कंपन्यांचा, खात्याचा, बियाण्याच्या बाजाराचा दोष होताच. आमचाही वाटा होता. तो आम्ही नाकारत नाही.

तंत्रज्ञान आले, समज आली नाही. ही चूक शेतात एकदा झाली. फोनच्या आणि संगणकाच्या बाबतीत ती दुसऱ्यांदा होऊ देऊ नये, यासाठी हे संपादकीय आहे.

उन्हाळी शिबिरांचा बाजार

शहरात एप्रिल लागला की पाट्या लागतात. अ‍ॅनिमेशन, रोबोट, कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग. फी हजारांत. २०२० च्या टाळेबंदीत तर सहा वर्षांच्या लेकराने अ‍ॅप बनवले नाही तर त्याचे आयुष्य वाया जाईल, अशा थाटाच्या जाहिराती फोनवर येत होत्या. त्या पाट्यांमध्ये आपल्या पोरांना जागा नाही, आणि असली तरी तिथे शिकवतात ते आपल्या शिवारात कुठे बसते हे त्या मास्तरांना ठाऊक नाही.

आपल्या वाट्याला जे आले ते एमएस-सीआयटी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ ला स्थापन झाले आणि काही वर्षांतच दहावीची परीक्षा संपली की एमएस-सीआयटीचा क्लास लावायचा, ही गावोगावची रीतच पडली. या अभ्यासक्रमाला आम्ही नावे ठेवणार नाही. संगणक तालुक्याच्या गावापर्यंत आला, मराठीत शिकता आला, पोरींनाही घराबाहेर पडायला एक मान्य कारण मिळाले. पण तो प्रामुख्याने कचेरीचा संगणक आहे. अर्ज टाइप करणे, तक्ता भरणे, टपाल पाठवणे. सरकारी नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागते म्हणून ते करायचे आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ठेवायचे. ज्या नोकरीसाठी ते लावायचे तिच्या जागा निघत नाहीत, निघाल्या तर एका जागेला किती अर्ज येतात ते आपण पाहतोच.

एका बाजूला शहराचे खेळणे, दुसऱ्या बाजूला नोकरीचे प्रमाणपत्र. या दोहोंच्या मधली वाट कोरडवाहू माणसानेच काढून ठेवलेली आहे. ती पाबळला आहे.

पाबळचा धडा

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव. पाऊस कमी, पाणी कमी. १९८३ ला डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे येऊन बसले. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले, पुढे मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले गृहस्थ. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली खेड्यातली पोरे घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते. पोर हाताने काम करताना जितके शिकते तितके बाकावर बसून शिकत नाही. आणि ते काम गावाला खरोखर लागणारे असले पाहिजे, म्हणजे त्याचे मोल मिळते आणि चूक झाली तर गिऱ्हाईक सांगते.

ती पोरे वेल्डिंग शिकली, फेरोसिमेंटच्या टाक्या बांधू लागली, जमिनीतून वीज सोडून तिचा अवरोध मोजून विहिरीची जागा पाहू लागली. जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथे बनवला गेला. पुढे हाच अभ्यास ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातून एक दिवस यंत्रशाळा, ऊर्जा, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य.

आणि मग २००२ ला एक नवल घडले. अमेरिकेतल्या एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेतले प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ नावाची कल्पना काढली होती. संगणकावर आकृती काढायची आणि संगणकानेच चालणाऱ्या यंत्राने ती वस्तू कापून, कोरून काढायची, अशी छोटी कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेरची पहिली अशी कार्यशाळा लंडनला गेली नाही, मुंबईलाही गेली नाही. ती पाबळला आली. कारण तिथे यंत्र हाताळायला न घाबरणारी पोरे होती आणि गावाचे प्रश्न तयार होते. डिझेल इंजिन नीट लावायचे कसे, दुधाची प्रत मोजायची कशी, असे ते प्रश्न होते. डॉ. कलबाग २००३ ला गेले. काम थांबले नाही.

पाबळवरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणक तिथे विसाव्या वर्षी जोमाने आला. आधी प्रश्न होते, हातांना सवय होती, मग यंत्र आले.

उलटा क्रम कसा फसतो हेही महाराष्ट्रात घडून गेले आहे. १९९८ ला कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या सहकारी परिसरातली सत्तरेक गावे संगणकाने जोडण्याची योजना झाली. मोठा गाजावाजा झाला. शेतकऱ्याला बाजारभाव, पीक सल्ला, सगळे गावातल्या संगणकावर मिळणार होते. काही वर्षांनी अभ्यास करणारे गेले तेव्हा संगणकाचा खरा उपयोग उसाच्या वजनाचा आणि बिलाचा हिशेब पाहण्यापुरता होता. मग काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या फोनच्या संदेशावर करून पाहिले आणि ते स्वस्तात झाले. वारणेच्या शेतकऱ्याला अक्कल नव्हती असे कोणी म्हणू नये. त्याला काय हवे हे त्याने वापरून दाखवले: माझे वजन किती धरले ते सांगा! मोंढ्यात काट्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक कापूसवाल्याला ते कळेल.

दहा दिवसांत काय शिकता येईल

आमची सूचना अशी आहे. मे महिन्यात हदगावला दहा दिवसांची कार्यशाळा घ्यावी. आठवी ते बारावीतली पोरे-पोरी. सकाळी सात ते अकरा, कारण त्यानंतर आपल्याकडे ऊन माणसाला बसू देत नाही आणि विजेचाही भरवसा नाही. त्यात काय असावे ते आम्ही थोडे तपशिलाने मांडतो, म्हणजे बैठकीत हवेतल्या गप्पा होणार नाहीत.

पहिले काम पावसाचे. अतिवृष्टी धरायची तर मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस लागतो. मंडळात एक स्वयंचलित केंद्र आणि मंडळाखाली अनेक गावे. केंद्रावर ५८ आणि आपल्या शिवारात ९० असे होऊ शकते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यात या आकड्याचे मोल सगळ्यांना कळले. सरळ उभ्या कडांचा डबा आणि पट्टी एवढ्यात पर्जन्यमापक होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, एकराला चार हजार लिटर. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरावर दोन लाख साठ हजार लिटर. हे गणित पोराने एकदा स्वतः केले की तो विसरणार नाही. गावोगावच्या पोरांनी रोज सकाळी आठ वाजता आकडा लिहिला, फोटो काढला, एका तक्त्यात भरला आणि त्याचा नकाशा काढला, तर तालुक्याचे पावसाचे चित्र आपल्या हातात राहील. सरकार आपला डबा पुरावा म्हणून मान्य करणार नाही, हे खरे. पण तहसीलदारासमोर “आमच्याकडे लई पाऊस झाला” असे म्हणणे वेगळे आणि चाळीस गावांचा तारीखवार नकाशा ठेवणे वेगळे.

दुसरे काम ओलाव्याचे. शेजारच्या दुकानात मिळणारा, काही शे रुपयांचा छोटा संगणक-पत्रा आणि जमिनीत खोचायच्या दोन सळ्या यांवर ओलावा मोजता येतो. आर्डुइनो म्हणून तो पत्रा ओळखला जातो. २००५ च्या सुमारास इटलीत शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी तो तयार केला आणि त्याची आकृती सगळ्यांना खुली ठेवली. पण इथेच पोरांना यंत्रावर शंका घ्यायला शिकवायचे आहे. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते, सळीपासून सुटते आणि यंत्र खोटे बोलते. सळ्या गंजतात, क्षार आकडा बदलतात. म्हणून शेजारी जुनी रीत ठेवायची. १०० ग्रॅम ओली माती घ्यायची, पूर्ण वाळवायची. ७८ ग्रॅम भरली तर पाणी २२ ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या २८ टक्के. यंत्र काय म्हणते, तराजू काय म्हणतो आणि आजोबाची मूठ काय म्हणते, तिन्ही एका कागदावर लिहायचे. आमची खात्री आहे, आजोबाची मूठ फार मागे राहणार नाही.

तिसरे काम अळीचे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, रात्रीला आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी सावध व्हायचे, हा नियम आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. सापळे कोण मोजतो? पोरांनी मोजावेत, तक्त्यात टाकावेत. डोमकळी कशी ओळखायची याची दोन मिनिटांची फिल्म त्यांनीच काढावी, आपल्या बोलीत, आपल्या वावरात. विद्यापीठाच्या शंभर पत्रकांपेक्षा ती जास्त फोनवर फिरेल.

चौथे काम हिशेबाचे. घरच्या कपाशीचा एका क्विंटलचा उत्पादन खर्च पोराने संगणकाच्या तक्त्यात काढावा. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, भाडे आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धा. आईची मजुरी लावली की आकडा किती चढतो ते त्याने स्वतः पाहावे. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरला. आपला खर्च आणि हा भाव शेजारी शेजारी ठेवून पोराने बापाला दाखवावे. आमच्या दहा भाषणांचे काम तो एक कागद करील.

चित्र, आवाज, गोष्ट

काही जण म्हणतील, शेतीचे ठीक आहे. ही चित्रे आणि फिल्म कशाला? त्यांनी आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर नजर टाकावी. भिंती आणि पाट्या रंगवणारा पेंटर संपला, फ्लेक्स आला. लग्नाचा व्हिडिओ, ढोल-ताशाचे रेकॉर्डिंग, वाढदिवसाचा बॅनर, आमंत्रणाची फिल्म. डिजिटल कला खेड्यात कधीच येऊन बसली आहे. पैसाही त्यातून फिरतो. फक्त ती करणारा पोरगा कोठे शिकला नाही, तो दुसऱ्याची नक्कल करतो आणि त्याच्या फ्लेक्सवर पुढारी सोडून कोणी दिसत नाही.

मालेगावचे उदाहरण आहे. यंत्रमागाचे गाव. तिथल्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्यात सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावरचा कामगार. कॅमेरा उंच न्यायला बैलगाडी, सरकत न्यायला सायकल आणि माणूस उडवायला हिरवे कापड व एक संगणक. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला आणि तो जगभर पाहिला गेला. आज तर साधने आणखी हाताशी आली आहेत. लाटव्हिया या छोट्याशा देशातला ‘फ्लो’ नावाचा चित्रपट २०२५ ला ऑस्कर घेऊन गेला. तो ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलेला होता. तेच सॉफ्टवेअर हदगावच्या पोरालाही फुकटच मिळते. त्याच्याकडे कमी आहे ते शिकवणारे माणूस आणि दहा दिवसांची सवड.

आवाजाचेही तसेच. गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांत फिरून बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या झाल्या आणि १९९० च्या दशकात त्यांचे ध्वनिमुद्रण व संगणकावरची नोंद सुरू झाली. ज्या बायांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते त्यांचे नाव, गाव आणि आवाज तिथे आहे. आपल्या पोरींनी आपल्या आजीचा आवाज याच रीतीने जपला तर त्याला कोणी खेळ म्हणू नये.

कठीण प्रश्न

आम्ही गावोगाव हा विषय काढला तेव्हा तीन हरकती आल्या. त्या खोट्या नाहीत.

पहिली: “पोरं आधीच फोनमध्ये बुडालीत, तुम्ही आणखी ढकलता.” बुडालेल्याला पोहायला शिकवणे हाच उपाय आहे. जो पोरगा दिवसभर दुसऱ्याच्या फिल्मा सरकवतो तो स्वतः दोन मिनिटांची फिल्म काढायला बसला की त्याला तीन दिवस लागतात आणि घाम फुटतो. मग कोण कोणाला वापरते आहे ते त्याला कळू लागते.

दुसरी: “उन्हाळ्यात हात लागतात.” लागतातच. पऱ्हाट्या उपटायच्या, शेणखत टाकायचे, हळदवाल्यांच्या घरी हळद. म्हणून तर सकाळचे चार तास म्हणतो. पण येथे एक जास्त बोचणारी गोष्ट आहे. पोराला चार तास मोकळे करता येतात, पोरीला करता येत नाहीत, कारण पाणी, भाकरी आणि धाकटी भावंडे तिच्या गळ्यात. घरातला फोनही पोराच्या हातात असतो. कार्यशाळेत निम्म्या जागा पोरींच्या नसतील तर ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्या येण्या-जाण्याची सोय आधी, संगणक नंतर. प्रत्येक गावातून एकटी पोर न येता दोघी-तिघी मिळून याव्यात आणि सोबत एक बाई असावी. ती बाईही बसून शिकेल.

तिसरी हरकत एका वयस्कर शेतकऱ्याने घेतली: “शिकून ते पुण्याला जाणार. मग वावर कोण करणार?” याला आमच्याकडे गोड उत्तर नाही. काही जातील. शेतीत पोट भरत नसेल तर पोराला बांधून ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. ओलावा मोजल्याने भाव वाढत नाही, आणि सरकारने “संगणक दिला, आता भाव मागू नका” असा सौदा मांडला तर तो आपण तिथेच मोडला पाहिजे. पण जाणारा पोरगा वॉचमन म्हणून जातो की हातात कसब घेऊन जातो, यात फरक आहे. आणि राहणारा पोरगा, काट्याचा आकडा, विम्याचा नियम आणि अ‍ॅपची चूक ओळखून राहिला तर त्याला फसवणे सोपे जाणार नाही.

मागायचे काय, द्यायचे काय

केरळच्या सरकारी शाळांत २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट आहेत. अ‍ॅनिमेशन, इलेक्ट्रॉनिक्स, मल्याळम संगणन शिकतात, सुट्टीत शिबिरे होतात, फुकटचे सॉफ्टवेअर वापरतात. तिथे सरकारने केले, म्हणजे करता येते. आपल्या देशात २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब करण्याची घोषणा झाली. तेव्हा पहिली मागणी: जिल्ह्यात ज्या शाळांत ही लॅब आहे तिचे कुलूप उन्हाळ्यात निघावे आणि आसपासच्या गावांच्या पोरांना ती खुली व्हावी. दुसरी: नव्या लॅब देताना कोरडवाहू तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळा आधी घ्याव्यात. तिसरी: शासनाच्या प्रत्येक शेती-अ‍ॅपचे प्रशिक्षण हंगामाआधी गावात व्हावे, पोरांवर फुकटची वेठ टाकू नये.

मागण्या मागत राहू. पण कार्यशाळेसाठी त्यांची वाट पाहू नये. तामशाला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बारालिंगाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत बसते. गावोगावची माणसे आपापली भाकरी, आपापली भाजी घेऊन येतात, सगळी भाजी एका कढईत पडते आणि मग ती कोणाची हे कोणी विचारत नाही. आपली कार्यशाळा तशीच करावी. कोणी जुना संगणक आणील, कोणी जागा देईल, कोणी दहा दिवस ज्वारीच्या भाकरी. फोटो स्टुडिओवाला कॅमेरा शिकवील, मोटार बांधणारा विजेचे शिकवील, नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी आपलीच पोरे सुट्टीत गावी येतात, ती संगणकाचे शिकवतील. ओलावा आणि बोंडअळी आम्ही पाहू. तेवढे आमच्या पदवीकडून येणे लागतेच.

येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक गावशाखेने दोन पोरे आणि दोन पोरी यांची नावे घेऊन यावे. सोबत एक प्रश्न लिहून आणावा, गावाला खरोखर पडलेला: आमच्या शिवारात पाऊस किती पडतो, काट्यात घट किती धरतात, विहिरीचे पाणी महिन्याला किती उतरते, काहीही. दहाव्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर पोरांनी सगळ्या गावांसमोर मांडावे. आकड्यात, नकाशात, फिल्ममध्ये, जसे जमेल तसे. उत्तर चुकले तरी चालेल, कसे काढले ते सांगता आले पाहिजे.

सालगड्याचा हिशेब आपण पाडव्याला चुकवतो, कारण न चुकवलेला हिशेब घराला लागतो असे आपण मानतो. या नव्या गड्याने चार-पाच हंगाम आपल्यासाठी शिवार तुडवले, सगळ्यांचे गट नंबर पाठ केले, रात्री जागून नोंदी केल्या. त्याची मजुरी पैशात देण्याची ऐपत आपली नाही. दहा सकाळी द्यायची आहे. तेवढी द्या.